रेजिनाबायच्या गाडीला टॅक्सीचे दाते

गॅरेजवाला म्हटलं की लोकांना इंजिन आठवतं, फार तर ब्रेक. माझं काम त्याच्याही मागचं. मोटारीच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध एक लोखंडी गोळा लटकलेला असतो, त्याच्या पोटातलं. त्याला डिफरन्शियल म्हणतात, आमच्या लायनीत त्याचं 'डिफ्रेन्सल' होतं. गासहून नालासोपाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं गॅरेज होतं. म्हणजे अजून आहे, पण आता पुतण्या चालवतो आणि मी सकाळी जाऊन त्याच्या चुका काढतो. टेम्पो, जीपगाड्या, भाजीची वाहनं, टुरिस्ट टॅक्स्या, सगळ्यांचे मागचे गोळे माझ्या बाकावर उघडले गेले. वसईपासून विरारपर्यंत कुणाच्या गाडीच्या मागून 'ऊंऽऽ' असा सूर यायला लागला की लोक म्हणायचे, बस्त्यावला दाखव.

तो सूर ओळखता येणं हे अर्धं काम. आगाशीचे एक गृहस्थ आले होते. तीन गॅरेजं फिरून आलेले, चेहरा पडलेला. म्हणाले, "मेस्त्री, डिफ्रेन्सल गेलंय म्हणतात. वळणावर धडधड होते." मी त्यांच्या शेजारी बसून एक वळण घेतलं, गाडी थांबवायला लावली आणि मागची डिकी उघडली. आत एक शहाळं होतं. केव्हातरी पाटीतून निसटून कोपऱ्यात गेलेलं, वळणावर इकडून तिकडे लोळत होतं. ते शहाळं आम्ही दोघांनी तिथेच फोडून प्यायलं. पुढे त्यांनी दर सणाला माझ्या घरी नारळ पाठवले, त्यावरून मी काय समजायचं ते समजलो.

ज्यांना गाडीतलं काही कळत नाही त्यांच्यासाठी हा गोळा काय करतो ते सांगतो. बैलगाडी वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. बैलगाडीची चाकं आसावर सुटी फिरतात, त्यामुळे तिला त्याचं काही वाटत नाही. मोटारीत मात्र चाकांना इंजिनाचा जोर पोचवायचा असतो. म्हणून त्यांना सुटं सोडता येत नाही आणि एकमेकांना घट्ट बांधूनही चालत नाही. दोघांना जोर द्यायचा आणि तरी ज्याला त्याला आपल्या वेगाने फिरू द्यायचं, हे काम त्या गोळ्याचं.

त्याच्या आत दातेरी चाकांची एक जोडी असते. इंजिनाकडून येणाऱ्या लांब दांड्याच्या टोकाला छोटं चाक, ते पिनियन. ते फिरवतं जेवायच्या ताटलीएवढ्या मोठ्या चाकाला, तो क्राऊन. पिनियनचे किती फेरे झाले की क्राऊनचा एक फेरा पुरा होतो, त्यावर गाडीचा स्वभाव ठरतो. कमी फेऱ्यांत झाला तर गाडी सपाटीवर सुसाट जाते, पण जागेवरून उचलायला जड. जास्त फेरे लागले तर ती हलकी उचलते, चढ आरामात चढते, पण हायवेवर लवकर दमते. शर्यतीचा नाद असलेले लोक याच कारणासाठी दाते बदलून घेतात, गाडीने सुटताना उसळी मारावी म्हणून. माझ्याकडे स्पोर्ट्स कारचे दाते बदलायला आलेलं गिऱ्हाईक मात्र एकच, आणि त्याचं कारण होतं गुडघा.

गिऱ्हाईकाचं नाव रेजिनाबाय. वटारची. साठी केव्हाच ओलांडलेली, सोनचाफ्याची वाडी, पहाटे कळ्या खुडून दादरच्या फुलबाजारात पाठवणारी. तिची गाडी म्हणजे दोन माणसांची, उघडी, ठेंगणी, गर्द हिरवी विलायती स्पोर्ट्स कार. वर कापडी टप, पाऊस आला तर ओढून घ्यायचा. ही गाडी तिला मिळाली वांद्र्याच्या एका जुन्या बंगल्याच्या आवारात. लग्नाच्या वेदीसाठी फुलं द्यायला गेली होती, तर तिथे गाडीच्या सीटवर कोंबडी अंडी उबवत बसलेली. बाईने मालकाला विचारलं, कोंबडी विकताय की गाडी? मालक हसला आणि गाडीचा सौदा जमला. नवरा हयात असताना त्याने ती एकदाच चालवली आणि कंबर धरून उतरला. त्यानंतर ती पुरती हिची झाली. रविवारी मिस्साला, बाजाराला, कुणाच्या बारशाला, डोक्याला रुमाल बांधून रेजिनाबाय त्या गाडीतून यायची. आमच्या पट्ट्यात त्याचं नवल कुणाला राहिलं नव्हतं.

मग डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ते नीट झालं, पण क्लच हा डाव्या पायाचा खेळ. चढावर गाडी थांबली की पुन्हा निघताना क्लच अर्धा दाबून धरावा लागतो, तोल सांभाळत. तिची गाडी पळायसाठी जन्मलेली, तिच्यात तो तोल जरा जास्तच वेळ धरावा लागायचा. एका संध्याकाळी नालासोपाऱ्याच्या पुलावर चढाच्या मधोमध रहदारी तुंबली, गुडघ्यातून कळ आली, पाय सुटला, इंजिन बंद पडलं आणि गाडी मागे घसरून एका रिक्षाला टेकली. कुणाला लागलं नाही. पण शेजारी तिचा मुलगा ग्लेन बसलेला होता.

दुसऱ्या दिवशी मायलेक दोघं माझ्याकडे आले. ग्लेन अंधेरीला नोकरी करतो, शांत मुलगा, आईवर आवाज चढवणारा नव्हे. त्या दिवशी मात्र त्याचा आवाज कापत होता.

"काका, तुम्हीच सांगा आईला. गाडी विकून टाकू म्हणतोय मी. मुंबईचे एकजण जुन्या गाड्या जमवतात, त्यांनी बघून ठेवलीय. एकही भाग बदललेला नाही म्हणून खूश आहेत. सांभाळतील ते नीट."

"पेटीत ठेवतील," रेजिनाबाय म्हणाली.

"आई, मागे रिक्षा होती म्हणून बरं. तिथे एखादं पोर असतं तर?"

तिलाही रात्रभर तेच दिसलं असणार. मग माझ्याकडे वळली. ती घरच्या बोलीत बोलते, मी ते इथे साध्या भाषेत लिहितो.

"बस्त्याव, तो म्हणतो त्यात खोटं काही नाही. पण मला जव्हारला जायचंय. अँसेला तिथल्या कॉन्व्हेंटात आहे इतकी वर्षं. दर वेळी मी बस बदलत जाते आणि ती म्हणते, 'तुझी ती गाडी कधी दाखवणार?' एकदा जाऊन येते. त्याच्या आधी काही करता येईल का? आणि ग्लेनकडून मी काही घेणार नाही. चाफ्याच्या पैशात बसेल एवढंच कर."

अँसेला तिची धाकटी बहीण, सिस्टर अँसेला. आणि जव्हारचा घाट म्हणजे पुलाच्या चढाचा थोरला भाऊ.

मी म्हटलं, आधी क्लच बघतो. क्लच उत्तम होता. तेव्हा गाडी खाली वाकून नीट पाहिली आणि माझ्या डोक्यात एक गोष्ट चमकली. आपल्याकडे ती जुनी, गोल टपाची, जाड पत्र्याची गाडी होती ना, मंत्र्यांपासून टुरिस्ट टॅक्सीवाल्यांपर्यंत सगळ्यांकडे असायची, तिचा आणि या हिरव्या परीचा मागचा गोळा एकाच विलायती घराण्यातला. गोळा जसाच्या तसा बसत नाही, पण आतली क्राऊन-पिनियनची जोडी बसते. आणि त्या जाड गाडीचा जन्मच ओझं ओढण्यासाठी झालेला. विलायतेहून नवी जोडी मागवायची तर चाफ्याची अख्खी वाडी विकावी लागली असती. टॅक्सीची जोडी इथेच कुठेतरी पडलेली असणार.

"फरक किती पडेल?" ग्लेनने विचारलं.

"सहा जणांनी उचललेल्या ओझ्याला सातवा खांदा लागावा, तेवढा."

"एवढाच?"

"तू कधी सहावा होऊन ओझं उचललंयस का?"

तो हसला नाही. म्हणाला, "ठीक आहे काका. पण आधी पुलावर बघणार. मला पटलं नाही तर त्या गृहस्थांना हो सांगणार. आणि मूळचे भाग फेकू नका."

हे त्याचं म्हणणं रास्त होतं आणि माझ्या मनातही तेच होतं. काहीही कापायचं नाही, वितळवायचं नाही, नवीन भोक पाडायचं नाही. उद्या कुणाला गाडी पुन्हा जशी होती तशी करावीशी वाटली तर एका पान्ह्यात व्हायला हवी. जुन्या गाडीला हात लावणाऱ्याने एवढी लाज बाळगावी.

जोडी शोधायला निघालो. भंगारवाल्याकडे एक क्राऊन आणि एक पिनियन मिळाले, दोन्ही चकचकीत. पण कारखान्यात ही जोडी एकमेकांवर घासून तयार करतात आणि दोघांवर एकच नंबर कोरतात. याचा क्राऊन त्याच्या पिनियनला दिला की दोघंही आयुष्यभर कुरकुरतात. भंगारवाल्याच्या जोडीचे नंबर वेगळे होते. मी परत ठेवले. तो म्हणाला, "दाते तर सारखे आहेत." मी म्हटलं, बत्तीस तर सगळ्यांनाच असतात, म्हणून कुणाची कवळी कुणाला बसते का?

आणि मग मला तावडे आठवले.

सदाशिव तावडे मूळचे राजापूरकडचे, पण सगळं आयुष्य विरार स्टेशनाबाहेर टुरिस्ट टॅक्सी चालवण्यात गेलं. लग्नाची वऱ्हाडं, शिर्डी, नाशिक, गणपतीला कोकण. त्यांच्या गाडीचा गोळा मीच वर्षानुवर्षं पाहिला होता, त्यातली जोडी मी स्वतः नवी बसवली होती. आता परमिट संपलं होतं आणि ती पांढरी गाडी त्यांच्या इमारतीच्या आवारात प्लास्टिकखाली उभी होती. सोसायटी तिच्यावर टपलेली. तावडे रोज सकाळी प्लास्टिक काढून काच पुसायचे आणि पुन्हा झाकायचे.

मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा चहा आला, बिस्किटं आली, आणि मला विषय काढता येईना. कुणाच्या गाडीचा भाग मागायचा म्हणजे अवयव मागायला गेल्यासारखं असतं. शेवटी सगळं सांगितलं. पूल, गुडघा, बहीण, सगळं.

तावड्यांनी उठून खिडकीतून खाली गाडीकडे पाहिलं.

"म्हणजे ही पुन्हा चालणार नाय," ते म्हणाले.

"नाही."

"तशी कुठे चालत होती म्हणा." मग माझ्याकडे वळून, "बाई कशी चालवते?"

"चांगली चालवते. क्लचवर पाय ठेवून बसत नाही."

हे ऐकून त्यांनी मान हलवली. ड्रायव्हर माणसाला ड्रायव्हरची एवढी शिफारस पुरते.

"मेस्त्री, न्या. पण एक करा. काढल्यावर गाडी ठोकळ्यांवर टाकून जाऊ नका. चाकं लावून उभी करा. आतून रिकामी झालीय हे वरून दिसायला नको."

मी तसंच केलं. त्यांच्याच आवारात गाडी उचलली, तेल सोडलं, एक्सल ओढले, गोळा उतरवला, जोडी काढून घेतली, आणि रिकामा गोळा परत बसवून चारही चाकं लावली. तावडे खुर्ची टाकून समोर बसले होते. काम संपल्यावर उठले, बॉनेटवर तळवा ठेवला आणि प्लास्टिक ओढून घेतलं. पैशाचा विषय काढला तर हातानेच उडवून लावला. रेजिनाबायला हे कळल्यावर तिने दर आठवड्याला चाफ्याची पुडी पाठवायला सुरुवात केली, ती तावड्यांनी आनंदाने घेतली.

आता बसवण्याचं काम. या कामात जोर लागत नाही, सबुरी लागते. पिनियन क्राऊनच्या किती जवळ यायचं हे त्याच्या मागे घातलेल्या पत्र्याच्या पातळ चकत्यांवर ठरतं. केसाएवढी चकती कमी-जास्त झाली की जोडी रडते. बेअरिंगवर दाब बरोबर आहे का ते बघायला महागडं हत्यार मिळतं. मी पिनियनच्या टोकाला दोरी गुंडाळतो आणि तिला मासे तोलायचा स्प्रिंगचा काटा लावून ओढतो. दाते एकमेकांना कुठे लागतात ते पाहायला रंग लावायचा असतो, त्याचीही खास डबी मिळते. माझ्या गुरूने मला शिकवलं होतं शेंदूर तेलात कालवायला. पूजेच्या दुकानात मी शेंदूर घ्यायला जायचो तेव्हा दुकानदार माझ्या गळ्यातला क्रूस बघून विचारायचा, "काका, कुठल्या मारुतीला?" मी सांगायचो, "आमचा गॅरेजातला आहे, लोखंडाचा." त्याने एकदा माझ्या पुडीबरोबर नारळही बांधून दिला. तो शेंदूर विषारी असतो, हात नीट धुवायचे, एवढं मी पुतण्याला रोज बजावतो.

शेंदूर लावून जोडी फिरवली की दातांवर ठसा उठतो. तो दाताच्या मधोमध हवा. मी पुस्तकात दिलेल्या मापाने चकत्या लावल्या, दोघांमधला मोकळेपणा पुस्तकाप्रमाणे ठेवला, ठसा सुंदर मधोमध आला. गाडी बांधली, तेल भरलं आणि वटारच्या रस्त्याला नेली.

उचलली मात्र झकास. पहिल्या गिअरमध्ये पाय सुटता सुटता गाडी पुढे गेली. मी खूश होऊन वेग घेतला, मग ॲक्सिलरेटर सोडला, आणि मागून 'ऊंऽऽ'. तोच सूर. माझ्या हातच्या कामातून.

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, जुने दाते आहेत, चालायचंच. मला चालेना. सोडून द्यायचा सूर नव्हताच तो. मी गोळा पुन्हा उतरवला आणि तावड्यांना फोन केला.

"तावडे, तुमच्या गाडीला कधी आवाज होता का? पाय सोडल्यावर?"

"काय बोलता मेस्त्री! शिर्डीहून येताना माणसं घोरत यायची मागे. आवाज कसला?"

म्हणजे जोडी निर्दोष होती. बिघाड होता माझ्या बसवण्यात. मी क्राऊन खिडकीजवळ उजेडात नेला आणि शेंदूर पुसून दाते पाहिले. इतकी वर्षं चालून प्रत्येक दातावर एक गुळगुळीत, आरशासारखा पट्टा तयार झाला होता, दोघं जिथे एकमेकांना भेटत आले होते तिथे. तो पट्टा दाताच्या मधोमध नव्हता. जरा आतल्या अंगाला होता. मी पुस्तक हाती धरून त्यांना नव्या जागी भेटायला लावलं होतं, जणू ती आजच कारखान्यातून आलीत.

मग पुस्तक मिटलं. एक चकती काढली, दुसरी पातळ घातली, पुन्हा शेंदूर, पुन्हा फिरवणं, पुन्हा उतरवणं. असं किती वेळा केलं ते मोजलं नाही. पुतण्या म्हणाला, "काका, यात तर चार टेम्पो झाले असते." मी म्हटलं, मग जा टेम्पो कर. एका दुपारी शेंदराचा ठसा बरोबर त्या जुन्या चमकत्या पट्ट्यावर उठला. मी हात धुतले, देवाचं नाव घेतलं आणि गाडी बांधली.

या वेळी पाय सोडल्यावर मागून आलं ते अगदी बारीक गुणगुणणं, मुद्दाम कान दिला तरच ऐकू येणारं. ते पूर्ण गेलं नाही. ते गेलं नाही याची बोच मला आजही आहे. नव्या जोडीने गेलं असतं. पण नव्या जोडीसाठी अडून बसलो असतो तर गाडी पेटीत गेली असती.

शनिवारी संध्याकाळी पुलाची परीक्षा. ही वेळ ग्लेननेच निवडली होती, रहदारी नक्की तुंबणारी. रेजिनाबाय गाडीत बसली, डोक्याला रुमाल, शेजारी ग्लेन, ओठ मिटलेले. मी आणि तावडे पुलावर चढाच्या मधल्या टप्प्यात कठड्याला टेकून उभे राहिलो. तावडे इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

हिरवी गाडी रांगेत दिसली. रांग सरकत सरकत आली आणि बरोबर चढाच्या मध्यावर थांबली. मागे एक रिक्षा अशी चिकटली की मधून कागद सरकला नसता. वरच्या अंगाला एक टेम्पो खोळंबलेला, सगळ्यांचे हॉर्न. माझ्या कामावर माझा भरवसा होता, पण दुसऱ्याच्या गुडघ्याची हमी मी कशी देणार?

पुढची बस हलली. रिक्षावाल्याने हॉर्न दाबूनच धरला. रेजिनाबायने मागे पाहिलंसुद्धा नाही. गाडीचं नाक किंचित वर उचललं आणि ती पुढे गेली. मागे बोटभरही घसरली नाही. इंजिन गुरगुरलं नाही, क्लच जळल्याचा वास नाही, जशी एखादी बाई पदर सावरून उठते तशी उठली आणि चालू लागली. पुढे दहा हातांवर पुन्हा थांबली, पुन्हा निघाली. तिसऱ्यांदाही. तावडे माझा दंड घट्ट धरून उभे होते. गाडी आमच्या समोरून गेली तेव्हा ते डोळे मिटून ऐकत होते.

"माझीच आहे," ते म्हणाले. "ऐका. माझीच."

पुलाच्या पलीकडे गाडी कडेला लागली. आम्ही चालत पोचेपर्यंत ग्लेन खाली उतरून उभा होता.

"काय रे?" मी विचारलं.

उत्तर आईने दिलं. "हँडब्रेकवर हात ठेवून बसला होता सगळा वेळ. पण ओढला नाही."

ग्लेनने मान खाली घातली आणि मग हसायला लागला. "काका, एक विचारू? पूल उतरताना मागे सगळं मोकळं होतं, तर आईने जरा वेग घेतला. काटा सत्तर दाखवत होता, पण फोनवर साठच दिसत होतं."

"बरोबर आहे. दाते बदलले, काट्याला कुणी सांगितलं नाही. तो आता वाढवून सांगणार. दुरुस्त करून देतो."

"नको," तो घाईने म्हणाला. "मुळीच नको. राहू दे तसाच."

मुंबईच्या त्या गृहस्थांना त्याने दुसऱ्या दिवशी नकार कळवला. ते सज्जन निघाले. मूळची जोडी जपून ठेवा एवढाच निरोप त्यांनी पाठवला. ती मी ग्रीस लावून, कापडात गुंडाळून, बिस्किटांच्या डब्यात घालून रेजिनाबायकडे दिलेलीच होती.

जव्हारला निघायच्या आधी ग्लेनने मला गाठलं. "काका, तुम्ही जा सोबत. मला सुट्टी नाही आणि मी गेलो तरी नुसता हँडब्रेक धरून बसेन." तेव्हा शेजारच्या सीटवर मी. इतकी वर्षं गाड्यांच्या खालून जग पाहिलेल्या माणसाला उघड्या गाडीतून विक्रमगड, मग साग, मग घाट बघायला मिळाला. हायवेवर इंजिन जरा मोठ्याने बोलत होतं, ते ठरलेलंच होतं, आणि बाई आपल्या डाव्या लेनमधून कुणाचीही पर्वा न करता चालली होती. मोठमोठ्या गाड्या आम्हाला ओलांडून जायच्या आणि आतली पोरं काच खाली करून हात हलवायची. ती प्रत्येकाला हात करायची, मी म्हणायचो, बाय, दोन्ही हात स्टिअरिंगवर.

घाटाच्या एका वळणावर ऊस भरलेला ट्रक वर चढता चढता थांबला आणि आम्ही त्याच्या मागे, ऐन चढावर. मी नकळत पाय दाबला, माझ्या बाजूला क्लच नव्हता तरी. तिने पाहिलं.

"बस्त्याव, तुझ्या कामावर तुझा विश्वास नाही का?"

"कामावर आहे."

"मग माझ्यावर नाही." आणि ट्रक हलताच तिने गाडी अशी उचलली की मला उत्तर द्यावं लागलं नाही. पुढे चढभर मी मागच्या गोळ्याकडे कान लावून बसलो होतो. गोळा मनापासून ओढत होता.

कॉन्व्हेंटच्या फाटकातून आत गेलो तेव्हा दहा-बारा सिस्टर आणि शाळेच्या मुली अंगणात जमा झाल्या. सिस्टर अँसेला सगळ्यांत शेवटी आली. बहिणीसारखीच नाकाची, अंगाने बारीक. तिने आधी बहिणीला मिठी मारली, मग गाडीभोवती एक फेरी मारली, चाकाला हळूच पायाने ढोसलं.

"हीच का ती कोंबडीची गाडी?"

"हीच."

"दोनच माणसं बसतात?"

"दोनच."

सिस्टरने माझ्याकडे पाहिलं. मी उतरून उभाच होतो. तिने झगा आवरला, डोक्यावरचं वस्त्र मानेमागे गाठ मारून बांधलं आणि माझ्या जागेवर जाऊन बसली. "एक चक्कर," ती मदर सुपिरिअरना म्हणाली. ही विनंती होती की सूचना, ते त्यांनाही कळलं नसावं. त्या तोंड उघडेपर्यंत गाडी फाटकाबाहेर गेली होती.

मला व्हरांड्यात खुर्ची मिळाली, चहा मिळाला, घरचा केक मिळाला. उताराच्या बाजूने गाडीचा आवाज खाली गेला, मग वळणाआड लपला, मग समोरच्या टेकडीवरून पुन्हा आला. तिसऱ्या गिअरवर चढत होती. दोघींपैकी कुणीतरी गात होती, किंवा दोघीही. मी कान लावून ऐकलं. मागून 'ऊं' नव्हतं. मग तोही आवाज पलीकडच्या झाडीत गेला.

जेवणाची घंटा झाली. मुली रांगेने आत गेल्या. मदर सुपिरिअर व्हरांड्याच्या कडेला येऊन रस्त्याकडे बघत उभ्या राहिल्या, मग माझ्याकडे वळल्या.

"अजून आल्या नाहीत. गाडीत काही बिघाड तर नाही ना झाला?"

"नाही मदर," मी म्हटलं. "गाडी उत्तम आहे. म्हणूनच त्या लवकर यायच्या नाहीत."